स्लॅबखालचं बाळंतपण

चिंचखेड्याच्या खालच्या गल्लीत स्लॅबचं पहिलं घर तोताराम पाटलाने बांधलं. त्या घरात पहिला उन्हाळा काढायची पाळी आली, तेव्हा सगळ्यात आधी घराबाहेर पळाला तोही तोतारामच. पण हे त्याने जन्मात कबूल केलं नाही. माणूस भाजला तरी चालेल, आपण भाजतोय हे शेजाऱ्याला कळता कामा नये, अशी आपल्याकडची इज्जत असते.

त्या साली कापसाला भाव बरा लागला होता. तोतारामने धरणगावहून रुपचंद मिस्त्री आणला. रुपचंदने खोल्या काढल्या काडेपेटीसारख्या आणि खिडक्या काढल्या कबुतराच्या खुराड्याला असतात तेवढ्या. मोठ्या खिडकीने घराचा तोंडवळा बिघडतो, असं त्याचं म्हणणं. दारापुढे जुना निंब होता. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गल्लीतल्या माहेरवाशिणी त्याच्यावर झोके बांधायच्या. पण निंबामुळे रस्त्यावरून स्लॅब दिसत नव्हता. मग निंब तोडला आणि दर्शनी भिंतीवर सिमेंटच्या फुगीर अक्षरांत लिहून घेतलं : ‘आईची छाया’. झाड पाडून छाया लिहिणारा माणूस आमच्या खानदेशात वेडा ठरत नाही. त्याला लोक प्रगतिशील शेतकरी म्हणतात.

मागच्या अंगाला जुनं धाब्याचं घर होतं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर सागाच्या कड्या, कड्यांवर काटक्या, काटक्यांवर निंबाचा पाला आणि सगळ्यावर खाऱ्या मातीचा थर. तोतारामची बायको झुंबरबाई लग्न होऊन आली ती त्याच घरात. दर पावसाळ्याआधी ती स्वतः वर चढून खारी माती पसरायची, त्यामुळे घर अजून चांगलं ठणठणीत होतं. पण माती ती मातीच. स्लॅबवाल्याने मातीखाली निजावं का? तोतारामने तिथं आपल्या दोन म्हशी बांधल्या आणि बायकापोरांना सिमेंटात नेलं.

वैशाख लागला आणि स्लॅब बोलायला लागला. दिवसभर ऊन प्यायचा आणि संध्याकाळी ते माणसांच्या अंगावर ओकायचा. पंख्याखाली बसावं तर कुणीतरी तव्यावरची वाफ तोंडावर मारतंय असं वाटायचं. रेडिओवर जळगावचं तापमान राज्यात सगळ्यात जास्त म्हणून सांगितलं की तोतारामची छाती फुगायची, जणू तेही त्यानेच बांधलंय. दुपारची भाकर झाली की मात्र टॉवेल खांद्यावर टाकून उठायचा.

“म्हैसले देखी येस जरा.”

आणि ऊन कलेपर्यंत म्हैस पाहत राहायचा. कडब्यावर आडवा होऊन, डोळे मिटून, घोरत.

झुंबरबाईला म्हैस पाहायला जायची सवड नव्हती. चूल होती, पाणी होतं, पापड-कुरडया होत्या, आणि होळीनंतर लता आली होती. लता तिची थोरली लेक. धुळ्याला दिलेली. जावई अभिमन तिथं कचेरीत कारकून. लताचं हे पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी होणार.

आखाजीच्या आधी लताला मुलगा झाला. नव्या घराच्या मधल्या खोलीत, गावच्या सुईण भिकुबाईच्या हातून. तोताराम गल्लीत उभा राहून ओरडत होता, “स्लॅबमा जनमेल पह्यला पोऱ्या! गावमा दुसरा दाखाडा!”

जणू पोर स्लॅबलाच झालं होतं.

भिकुबाईने आपल्या रीतीप्रमाणे सगळं केलं. लताचे कान फडक्याने आवळून बांधले. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. बाजेखाली निखाऱ्यांची पाटी सरकवली, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकला, दार ओढून घेतलं आणि स्वतः बाहेर येऊन पदराने वारा घेत बसली.

“शेक लागाले पाहिजे,” ती म्हणाली. “बाळंतीनले वारा लागना तं जलमभर कंबर धरस.”

झुंबरबाईला त्यात खोट दिसली नाही. तिचीही बाळंतपणं अशीच झाली होती, शेक-धुरी घेऊनच. पण ती झाली होती धाब्याच्या घरात. तिथं भर वैशाखात मध्यान्हीला भिंतीला पाठ लावली की माठाला टेकल्यासारखं वाटायचं. तिथं तो शेक गोड लागायचा. घर बदललं, पाटी तीच राहिली. वर तापलेलं सिमेंट, खाली तापलेले निखारे आणि मधे बाजेवर बाळंतीण. पापड दोन्ही बाजूंनी भाजतात तसं.

“माय,” लता म्हणायची, “पापडले बी फिरावतस वं मधमा. माले तं तुम्ही एकच जागावर ठी देयेल शे.”

आधी ती हे हसून म्हणायची. मग हसेनाशी झाली. मग दूध कमी पडायला लागलं. पोराच्या मानेला, काखेत, पाठीवर लाल घामोळं उठलं. पहिल्यांदा ते दिवसभर रडायचं. मग रडायचं कमी झालं. बघायला आलेल्या बाया म्हणाल्या, “काय शांत पोऱ्या शे वं!” तोताराम म्हणाला, “स्लॅबमा शांतीच लागस.”

झुंबरबाईने एका सकाळी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिचा हात तिथंच थांबला. टाळू खोल गेली होती. ओठ कोरडे. स्तनाला लावलं तर दोन चोखण्या घ्यायचं आणि मान टाकायचं.

बैलगाडीवर चादरीचा आडोसा करून ते धरणगावला दवाखान्यात गेले. डॉक्टरने पोराला पाहिलं, लताला पाहिलं, तिच्या कानावरचं फडकं स्वतःच्या हाताने सोडलं.

“या पोराला रोग नाहीये,” तो म्हणाला. “उकाडा आहे. थंड जागेत ठेवा, अंग ओल्या फडक्याने पुसा, आईला भरपूर पाणी द्या आणि पोराला घडीघडी पाजा. असंच राहिलं तर मात्र हाताचं जाईल.”

तोताराम वाट पाहत उभा राहिला. “सुई?”

“सुई कशाला?”

“इतला लांब उनूत, साहेब.”

डॉक्टरने कपाळाला हात लावला आणि लताला ताकदीच्या लाल औषधाची बाटली लिहून दिली. तोतारामचं समाधान झालं. थंड जागा बाटलीत मिळत नाही, आणि बाटलीत न मिळणाऱ्या गोष्टीवर आमच्या माणसाचा विश्वास नाही.

घरी येताच झुंबरबाईने निखाऱ्यांची पाटी उचलून उकिरड्यावर पालथी केली. भिकुबाई बडबडली, तिने ऐकलं नाही. खिडकीतल्या चिंध्या ओढून काढल्या. पण वरचा स्लॅब काही पाटीसारखा उचलता येत नव्हता. तोताराम पाणी पीत बसला होता, त्याच्यापुढे ती जाऊन उभी राहिली.

“ऐका. खळामा कपाशीन्या वाळेल पऱ्हाट्यास्ना ढीग पडेल शे. वर टाकी द्या. कापूस गया, त्यास्ना आते काय उपेग?”

“स्लॅबवर पऱ्हाट्या?” तोतारामने तांब्या खाली ठेवला. “मंग धाबं काय वाईट व्हतं?”

“तेच तं मी इचारी राह्यनी.”

“लोके हसतीन.”

“बरं, चुना तरी मारा वर. पांढऱ्यावर ऊन कमी लागस.”

“चुना मुतारीले मारतस.”

“मंग खिडकीले वल्लं गोनपाट बांधस. वारा गार व्हई.”

“धुळाथून काचा आनी लायेल शे! गोनपाट बांधं तं लोके म्हनतीन, तोतारामनी किरानानं दुकान टाकं.”

“पोऱ्यानं काय मंग?”

तोतारामने तांब्या पुन्हा उचलला. नातवावर त्याचा जीव नव्हता असं नाही. होता. फक्त त्या जिवाच्या आणि नातवाच्या मधे एक स्लॅब होता. मग त्याचा चेहरा उजळला.

“कूलर आनस!”

कूलर आला. जळगावहून, भाड्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा करून. तोतारामने ट्रॅक्टर सरळ घरी आणला नाही. वेशीतून, मारुतीच्या पारावरून, वरच्या गल्लीतून फिरवून आणला. पत्र्याचं मोठं धूड, तीन बाजूंना गवत भरलेल्या ताट्या. तो ठेवला कुठं? पुढच्या खोलीत, दाराकडे तोंड करून, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याला दिसावा. मधल्या खोलीत ठेवायला भिकुबाईने मोडता घातला : बाळंतिणीला वारा नको. यावेळी तोतारामला भिकुबाईचं म्हणणं लगेच पटलं.

त्या कूलरला पाणी लागायचं बैलासारखं. नळ येणार दिवसाआड, तोही रडत. पाणी वाहायची झुंबरबाई. विहिरीवरून घागरी आणायच्या आणि कूलरच्या पोटात ओतायच्या, की वीज जायची. वीज आली की पाणी संपलेलं असायचं. ज्या घटकेला दोन्ही असायचं, त्या घटकेला कूलर समोरच्या रिकाम्या खुर्चीला गार करायचा. मधल्या खोलीत लता ओल्या फडक्याने पोराचं अंग पुसत बसलेली, आणि फडकं अंगावर ठेवता ठेवता कोमट होत होतं.

“धाबामा चाल,” झुंबरबाई तिला म्हणाली. मग बाहेर येऊन तोतारामला म्हणाली, “लताले धाबामा नेस. म्हशी दुसरीकडे बांधा.”

तोताराम असा उठला की खुर्ची उलटली. “मनी आंडेर, पाटीलनी लेक, गोठामा निजाडू? मी कोन शे? बारसाले धुळानं इव्हाई येनार शेतस. काय सांगू त्यास्ले? स्लॅब रिकामा आनि सून गोठामा?”

“पोऱ्या जित्ता राह्यना तं बारसं.”

“चांगलं बोल, चांगलं!”

आणि टॉवेल खांद्यावर टाकून तो म्हैस पाहायला गेला.

बारसं तोंडावर आलं. तोताराम मांडववाल्याशी ठरवायला धरणगावला निघाला, सोबत त्याचा चुलतभाऊ चुडामण. चुडामणला तोतारामचा स्लॅब पहिल्या दिवसापासून डोळ्यात सलत होता, म्हणून तो तोतारामच्या प्रत्येक कामात हौसेने जायचा. काही बिघडलं तर समोर असावं, एवढीच त्याची इच्छा.

ते गेल्यावर दुपारी झुंबरबाई शेण काढायला धाब्याच्या घरात शिरली. दाराच्या आत पाऊल टाकताच अंगावरचा घाम गार झाला. अंधार, ओलसर मातीचा वास, कड्यांवरून चिमण्यांचा आवाज. दोन्ही म्हशी खाली बसून रवंथ करत होत्या. थोरलीने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि परत मिटला. घरधनीण नोकराकडे पाहते, तसा.

झुंबरबाई पाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. आपण तीस वर्षं या घरावर माती टाकली, हे घर सारवलं, आणि आता या रांडा इथं गारव्याला बसल्यात. माझी लेक तिथं चुलीत. तिला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि रागाने तिचे हात भराभर चालायला लागले.

तिने दोन्ही म्हशी सोडल्या. बाहेर आणल्या तर अंगणात सावली म्हणून नाही. पुढे निंब होता तिथंही नुसता बुंधा आणि पांढरं ऊन. म्हशी आत पळायला बघू लागल्या. झुंबरबाईने दावी ताणली, दोघींना घराला वळसा घालून पुढे आणलं, ‘आईची छाया’च्या पायऱ्या चढवल्या आणि पुढच्या खोलीत खिडकीच्या गजांना बांधलं. मग कूलरचं बटण दाबलं. वीज होती.

“ल्या,” ती म्हशींना म्हणाली. “तुम्हनं घर, तुम्हना कूलर.”

भिकुबाई तोंडावर हात घेऊन दारात उभी. “झुंबर, येडी व्हयनी का तू? बाळंतीनले गोठामा नेस? सटवाईना कोप व्हई!”

“सटवाई बी या उन्हमा ई तं पह्यले सावली धुंडी. धर, बाजना पाय धर.”

भिकुबाईने बाजेचा पाय धरला. धरल्यावाचून गत्यंतर नव्हतं. झुंबरबाईने शेण काढलं, राख पसरली, पाणी शिंपडलं, निंबाच्या पाल्याचा धूर करून माश्या हाकलल्या. कडीला जुन्या लुगड्याची झोळी बांधली आणि ती ओल्या फडक्याने पुसून घेतली. लता आत आली, बाजेवर पाठ टेकली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पोर झोळीत निजलं. म्हशींचा वास होता, गोमूत्राचा होता. वासाने कुणी मरत नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा पोर जागं झालं आणि रडलं. नुसतं कुरकुरलं नाही. पाय झाडून, मुठी आवळून, चिमण्या उडून जातील असं रडलं. लताने त्याला छातीशी धरलं. ते प्यायलं, थांबलं, श्वास घेतला आणि परत प्यायलं. झुंबरबाई उंबऱ्यात बसून तो चोखण्याचा आवाज ऐकत होती. तेवढ्यात पुढून तोतारामची बोंब आली.

“कोनी बांधी हाई? कोनी?”

ती पुढे गेली. पायरीवर तोताराम, मागे चुडामण, आणि बोंब ऐकून जमलेली निम्मी गल्ली. आत दोन म्हशी जिभा बाहेर काढून उभ्या, नाकातून फेस, पोटाचे भाते चालू. वीज केव्हाच गेली होती. थोरलीने एका शिंगाने कूलरची ताटी पाडून त्यातलं ओलं गवत खायला घेतलं होतं.

“मी बांधी,” झुंबरबाई म्हणाली.

पण तोतारामचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. तो थोरलीच्या गळ्याला हात लावून पाहत होता. त्याचा आवाज फाटला.

“पानी आना! आरे पानी आना कोनी! जनावर मरी जाई ना! हाई काय जनावर बांधानी जागा शे? भट्टी शे भट्टी!”

गल्लीतल्या माना एकदम स्लॅबकडे वळल्या.

“काय म्हना भाऊ?” चुडामणने हळूच विचारलं. “परत सांग जरा. मांगला लोकेस्ले ऐकू उनं नही.”

तोताराम तांबडा झाला. दावी सोडून म्हशी ओढत तो मागे धाब्याकडे निघाला. झुंबरबाई त्याच्या आधी तिथं पोचली आणि दाराच्या चौकटीला एक हात लावून उभी राहिली.

“सरक. म्हशी आतमा बांधनी शे.”

“बांधा. पह्यले लेकले आनि नातूले उचला. स्वताना हातवर उचला आनि तुम्हनी भट्टीमा नेई ठेवा. मी आडी येनार नही. आज तुम्हनाच तोंडथून निंघेल शब्द शे, मना नही.”

आतून पोराचा आवाज येत होता. पिऊन तृप्त झालं की पोरं घशात काहीतरी गातात, तसा. तोताराम दावी हातात घेऊन उभा राहिला. म्हशी मागून ढुसण्या देत होत्या. उचलायला त्याचे हात पुढे झाले नाहीत, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. माघारी फिरला, म्हशींना नांगर ठेवायच्या छपराखाली नेलं आणि त्यांच्या अंगावर बादल्या ओतत राहिला.

संध्याकाळी थोरलीने निम्मं दूध चोरलं. धाकटीने तर कास आवरूनच घेतली. डेअरीवर किटली हलकी गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तोताराम शिडी लावून स्लॅबवर चढला. खळ्यातल्या पऱ्हाट्या भाऱ्या-भाऱ्याने वर गेल्या. त्याआधी स्लॅबला चुन्याचा जाड हात मारला. पुढच्या खोलीच्या खिडक्यांना, त्या धुळ्याच्या काचा काढून, ओली गोणपाटं लागली. दुपारी भिंतीला हात लावला तर हात टिकत होता. म्हशी पुढच्या खोलीत बांधल्या, त्या खाली बसल्या आणि रवंथ करायला लागल्या.

लेकीसाठी जे केल्याने लोक हसणार होते, ते म्हशीसाठी अर्ध्या दिवसात झालं, आणि त्यात एक नवा खिळासुद्धा विकत आणावा लागला नाही. लेक डेअरीला दूध घालत नाही. एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधायला जाऊ नका, सापडणार नाही.

झुंबरबाईने त्याला बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तो परत अडून बसला असता.

बारशाला धुळ्याची मंडळी आली. अभिमनची आई ताईबाई शहरातली, घडीची साडी नेसलेली. सुनेला गोठ्यात ठेवलंय हे ऐकून तिने भुवया वर केल्या, पदर नाकाला लावला आणि आत शिरली. बाजेवर टेकली. पदर नाकावरून खाली आला. जरा वेळाने तिने पाय वर घेतले. आणखी जरा वेळाने झुंबरबाईकडे उशी मागितली.

“विहीणबाई,” डोळे मिटूनच ती म्हणाली, “सूनबाईला पाऊस पडेपर्यंत इथंच राहू द्या. आमच्याकडे वर पत्रे आहेत हो. अभिमन दुपारभर मोरीत बसून असतो.”

या माणसांसमोर नाक राहावं म्हणून तोताराम नातवाला भाजत होता. झुंबरबाईने उशी दिली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

बाहेर मांडवात तोतारामचा आवाज चढला होता. धुळ्याचे पाहुणे त्याच्याभोवती आणि तो हात वर करकरून स्लॅब दाखवत होता.

“तालुकामा जाई देखा! मानसेस्ना स्लॅब बठ्ठासना शे. म्हशीस्ना स्लॅब कोना शे? आपलाच! वरथून गारवानी सोय बी मीच करी. धरणगावना डॉक्टर म्हने, पोऱ्याले धाबामाच ठेवा. मंग मी म्हनं, चला, म्हशीस्ले बंगला दी टाकू!”

पाहुणे माना हलवत होते. चुडामण शेजारच्या आपल्या गोठ्याच्या भिंतीपाशी जाऊन वर पाहत होता. पुढल्या कापसाला याच्यावर स्लॅब टाकायचा, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. झुंबरबाईला त्या सगळ्यांना एकेक चपराक द्यावीशी वाटली. पण झोळीत पोराची टाळू भरली होती, गालावर मांस धरत होतं. बोलू दे त्याला. जितकं मोठ्याने बोलेल तितकं परत फिरणं त्याला जड जाईल.

“चला, चला, धाबं बी दाखाडस,” तोताराम पाहुण्यांना घेऊन इकडे निघाला. “नातूले देखा, स्लॅबमा जनमेल शे!”

दहा-बारा पुरुष, घामाने थबथबलेले, गारव्याच्या वासाने पावलं उचलत येत होते. झुंबरबाईने दाराची एक फळी लोटली आणि दुसरीला हात घातला.

“पोऱ्या निजेल शे,” ती म्हणाली. “मानसे पुढे बठा. म्हशीस्ना बाजूले जागा शे.”